सोइचिरो होंडा : एका लोहारपुत्राचे स्मरण
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ह्या वर्षीच्या व्याख्यानासाठी कार्यकारी मंडळाने मजकडे विषय मागितला, तेव्हा मी सोइचिरो होंडा हे नाव कळविले. त्यावर मंडळातील एका ज्येष्ठ सभासदांनी मला विचारले, "मास्तर, आपल्या बीड जिल्ह्यात स्मरण करण्याजोगी माणसे संपली काय, म्हणून आपण जपानास निघालात?" प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर देणे हे माझे पहिले कर्तव्य आहे.

होंडा हे नाव आपल्या जिल्ह्यात कोणास ठाऊक नाही? १९८४ साली हिरो आणि होंडा ह्यांची भागीदारी झाली व पुढच्याच वर्षी सीडी १०० ही फटफटी बाजारात आली. तेव्हापासून बालाघाटाच्या डोंगरांतील वाड्यावस्त्यांवर, जेथे एस. टी. दिवसातून एकदा जाई, तेथेही हे नाव पेट्रोलच्या टाकीवर बसून पोहोचले. त्याच सुमारास फिरोदियांच्या कायनेटिक कंपनीने ह्याच होंडांशी हातमिळवणी करून स्कूटर काढली. हिरो आणि होंडा पुढे २०१० साली विभक्त झाले, त्याला आता बरीच वर्षे लोटली. तरी खेड्यातील म्हातारी माणसे अजून कोणत्याही मोटारसायकलीस सरसकट 'हिरोहोंडा' म्हणतात. नाव घरोघर आहे; माणूस मात्र कोणास ठाऊक नाही. आणि तो माणूस लोहाराचा मुलगा होता. जपानात आपल्या अर्थाने जात नाही, हे मी जाणतो. परंतु भाता, ऐरण आणि घण ह्यांत वाढलेले मूल पृथ्वीच्या पाठीवर कोठेही असले तरी त्याच्या हातावरचे चट्टे सारखेच असतात. म्हणून हे स्मरण आपल्या मेळाव्यात व्हावे, असे मला वाटले.

सोइचिरो ह्यांचा जन्म १७ नोव्हेंबर १९०६ रोजी शिझुओका प्रांतातील कोम्यो नावाच्या खेड्यात झाला. वडील गिहेई हे गावचे लोहार, आई मिका ही मागावर कापड विणणारी. घरची गरिबी. गिहेई शेतीची अवजारे घडवीत आणि पुढे दिवस पालटले तसे त्यांनी सायकलदुरुस्तीही सुरू केली. हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. आपल्याही वडीलधाऱ्यांपैकी ज्यांनी काळाचे पाऊल ओळखले, त्यांनी बैलगाडीच्या चाकास धाव चढविता चढविता एका कोपऱ्यात वेल्डिंगचे यंत्र आणून ठेवले. ज्यांनी ओळखले नाही, त्यांच्या भात्यावर धूळ बसली.

घराजवळ तांदूळ सडण्याची एक गिरणी होती आणि ती इंजिनावर चाले. लहानग्या सोइचिरोस आजोबा पाठुंगळी घेऊन ते इंजिन दाखविण्यास नेत. धूर, तेलाचा वास आणि तो ठेका, ह्या तिहींनी मुलाचे चित्त असे हरपले की तो तेथून हलेना. आपल्यापैकी ज्यांचे वय साठीच्या पुढे आहे, त्यांस हे वर्णन करून सांगण्याची आवश्यकता नाही. गावच्या पिठाच्या गिरणीचे इंजिन सुरू झाले की त्याचा पुक्-पुक् आवाज शिवारभर ऐकू येई आणि विहिरीवर मोटेच्या जागी आलेले किर्लोस्करचे ऑइल इंजिन हँडल मारून चालू करणारा गडी आम्हां पोरांस एखाद्या पहिलवानासारखा वाटे. ते इंजिन पाहून कित्येक मुले घरी गेली व जेवून झोपली. एखादाच तेथे उभा राहतो. तो का उभा राहतो, हे मला तीस वर्षे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मुलांना फिटरकाम शिकवूनही उलगडलेले नाही. परंतु उभा राहणारा मुलगा मात्र मला लांबूनही ओळखता येऊ लागला.

पुढे गावात पहिल्याने मोटार आली, तेव्हा हा मुलगा तिच्यामागे धावत सुटला. मोटार थांबली त्या ठिकाणी जमिनीवर तेल गळले होते. त्याने खाली वाकून ते हुंगले आणि हातास फासून घेतले.

वडिलांच्या व मुलाच्या नात्याविषयी दोन गोष्टी सांगतो. शाळेतील प्रगतिपुस्तकावर पालकाचा शिक्का लागे. सोइचिरो अभ्यासात यथातथाच. त्याने सायकलच्या पायडलचे रबर कोरून वडिलांच्या नावाचा शिक्का स्वतःच तयार केला आणि आपले प्रगतिपुस्तक बिनबोभाट पार पाडले. मित्रांनी आग्रह केला, म्हणून त्यांसही शिक्के करून दिले, आणि तेथे बिंग फुटले. होंडा हे नाव ज्या दोन चित्राक्षरांत लिहितात, ती डावीउजवीकडून सारखीच दिसतात. शिक्का कोरताना अक्षर उलटे कोरावे लागते हे त्याला माहीतच नव्हते, आणि स्वतःच्या नावापुरते ते खपून गेले. मित्रांची नावे मात्र आरशातल्यासारखी उलटी उमटली. वडिलांनी चांगलाच समाचार घेतला. लबाडीचे समर्थन मी करीत नाही. पण रबरावर अक्षर कोरणारा तो हात लोहाराच्या घरचा होता, एवढे आपण मनाशी नोंदवून ठेवावे.

दुसरी गोष्ट १९१७ सालची. आर्ट स्मिथ नावाचा अमेरिकन वैमानिक हामामात्सु शहरी विमानाच्या कसरती दाखविणार होता. शहर सुमारे २० किलोमीटर दूर. मुलाने घरातून थोडे पैसे घेतले, वडिलांची सायकल काढली आणि, सीटवर बसल्यास पाय पायडलला पुरत नाहीत म्हणून, दांड्याखालून पाय घालून, आपल्याकडे ज्याला कैची मारणे म्हणतात त्या रीतीने, सारे अंतर काटले. तेथे पोहोचला तो तिकिटास पैसे अपुरे. मग एका झाडावर चढून फांद्यांआडून त्याने विमान पाहिले. सायंकाळी घरी परतताना मनात धास्ती होती. गिहेई रागावलेही, परंतु मुलाने खरोखरच विमान पाहिले हे ऐकताच त्यांचा राग मावळला आणि ते त्यालाच विमानाविषयी विचारू लागले. समाजबंधूंनो, बापाने मुलाला दिलेले धन म्हणजे काय, असे मला कोणी विचारील तर मी ह्या संध्याकाळीकडे बोट दाखवीन.

१९२२ साली, शाळा संपल्यावर, गिहेई स्वतः मुलाला घेऊन टोकियोस गेले व त्यास आर्ट शोकाई नावाच्या मोटारदुरुस्तीच्या कारखान्यात उमेदवार म्हणून ठेविले. तेथे पहिले कित्येक महिने त्याच्या हाती पान्याऐवजी मालकाचे तान्हे मूल आले. मूल पाठीशी बांधून तो फरशी पुशी आणि कारागिरांच्या खांद्यावरून इंजिनाच्या पोटात डोकावे. घरी पळून जाण्याचा विचार मनात येई, पण बापाचा चेहरा डोळ्यांपुढे येऊन पाय अडखळत. मालक सकाकिबारा हा भला मनुष्य होता आणि त्याला शर्यतीच्या मोटारी बांधण्याचा नाद होता. विमानाचे जुने कर्टिस इंजिन मोटारीवर चढवून त्यांनी एक शर्यतीची गाडी तयार केली. २३ नोव्हेंबर १९२४ रोजी ती शर्यतीत उतरली. गाडी मालकाचा भाऊ चालवीत होता आणि शेजारी मेकॅनिक म्हणून बसला होता नुकतीच १८ वर्षे पुरी केलेला सोइचिरो. गाडी पहिली आली. येथपासून ह्या माणसाच्या रक्तात शर्यत शिरली ती अखेरपर्यंत निघाली नाही.

शर्यतीचे वेड आपल्या लोकांस परके नाही. मराठवाड्यात शंकरपट म्हटला की कडक उन्हात माणूस कोसभर चालत जातो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या, त्या वेळी गावोगाव उमटलेला खेद आणि २०२३ साली न्यायालयाने परवानगीवर शिक्कामोर्तब केल्यानंतरचा गुलाल, दोन्ही आपण पाहिले आहेत. त्या वादात मी येथे शिरत नाही. परंतु पटात धावणाऱ्या छकड्याची बांधणी कोण करतो, आख किती हलका असावा, तुंब्यात किती मोकळीक ठेवावी, हे कोणास कळते? शर्यत बैलांची म्हणविली, तरी तिच्यात सुताराचा आणि लोहाराचा वाटा असतो. होंडा ह्यांचे म्हणणे काहीसे असेच होते. त्यांच्या दृष्टीने शर्यत हे यंत्राचे परीक्षास्थान होते. कारखान्यात झाकलेले व्यंग तेथे हजारोंच्या देखत उघडे पडते.

आता थोडे त्यांच्या घराकडे वळू. १९२८ साली हामामात्सु येथे त्यांनी मालकाच्या दुकानाची शाखा काढली. मोटारींच्या चाकांचे लाकडी आरे मोडत व जळत, म्हणून त्यांनी ओतीव धातूचे आरे करून त्याचे पेटंट मिळविले. चाकाच्या आऱ्यांवर आपल्या सुतारबंधूंनी किती पिढ्या घाम गाळला, हे येथे सांगण्याचे कारण नाही. १९३५ साली साची ह्या शिक्षिका असलेल्या मुलीशी त्यांचा विवाह झाला आणि विवाहाला वर्षही झाले नव्हते, तोच त्या घरावर मोठा प्रसंग आला.

७ जून १९३६ रोजी टोकियोजवळ तामागावा येथील नव्या शर्यतपथावर होंडा स्वतः बांधलेली फोर्ड गाडी घेऊन उतरले. शेजारी मेकॅनिकच्या जागेवर त्यांचा सख्खा धाकटा भाऊ बेंजिरो होता. गाडी आघाडीवर असताना दुरुस्तीसाठी थांबलेली दुसरी एक गाडी एकाएकी मार्गात आली. धडक होऊन होंडांची गाडी उलटीपालटी झाली आणि दोघे भाऊ बाहेर फेकले गेले. सोइचिरोंचा चेहरा व हात जखमी झाला. बेंजिरोस त्याहून जबर दुखापत होऊन दीर्घकाळ अंथरुणावर पडून राहावे लागले. दैव बलवत्तर म्हणून दोघेही वाचले.

येथे मी थोडा थांबतो. 'कुटुंबवत्सल' हा शब्द आपण स्मृतिलेखांत फार सैलपणे वापरतो. ज्याने सख्ख्या भावाला अशा गाडीत बसविले, जो रात्र रात्र कारखान्यात घालवी, ज्याचा राग अनावर झाला की हातातील पाना कामगाराच्या दिशेने जाई, जो मद्यपानाच्या बैठकीत रमे, त्यास कुटुंबवत्सल म्हणावे काय? मी म्हणतो, म्हणावे. परंतु त्याचा हिशेब नीट मांडून म्हणावे. ह्या हिशेबात साचीबाईंच्या खात्यावर पुष्कळ रक्कम जमा आहे. काही काळाने होंडांनी स्वतः शर्यतीची गाडी चालविणे सोडले, पण घरात स्थैर्य आले असे नाही. त्यांनी पिस्टन रिंग बनविण्याचे मनावर घेतले आणि रिंगा काही केल्या टिकेनात. वडिलोपार्जित लोहारकीची सर्व विद्या पणास लावून पाहिली. लोखंड तापविणे, पाणी देणे, सर्व झाले. अखेर हामामात्सुच्या तंत्रशाळेतील प्राध्यापकांनी पृथक्करण करून सांगितले की धातूत सिलिकॉन कमी आहे. सिलिकॉन म्हणजे काय हेच त्यांस ठाऊक नव्हते. तिशी ओलांडलेला, बायकोमुलांचा हा माणूस मग पोरसवदा विद्यार्थ्यांच्या बाकावर जाऊन बसला. परीक्षा त्याने दिली नाही, म्हणून शाळेने नाव कमी केले. विद्या मात्र त्याने घेतली आणि रिंगा टिकू लागल्या.

आपल्या समाजात एक वाक्य वारंवार ऐकू येते : 'हे आमच्या रक्तातच आहे.' रक्तात हात असतो, सभ्य गृहस्थहो, सिलिकॉन नसते.

युद्धात कारखान्यावर बाँब पडले, १९४५ च्या आरंभी भूकंपाने उरलेसुरलेही पाडले. उरलेला धंदा टोयोटाला ४,५०,००० येनांस विकून होंडा वर्षभर स्वस्थ बसले. देश उद्ध्वस्त, आगगाड्या माणसांनी खच्चून भरलेल्या, धान्य आणावयास खेड्यात जावे लागे. साचीबाई सायकलवरून कोठकोठे जात आणि दमून येत. लष्कराच्या बिनतारी यंत्रास वीज पुरविणारी लहान इंजिने मोडीत पडली होती. १९४६ साली त्यांतील एक इंजिन होंडांनी सायकलीस बसविले. अंथरूण उबदार ठेवण्यासाठी वापरावयाची गरम पाण्याची बाटली घेऊन तिचीच पेट्रोलची टाकी केली. पहिल्या चाचणीस गाडी कोणाच्या हाती दिली? पत्नीच्या. भर रस्त्यातून ती चालवून त्या परतल्या, तेव्हा त्यांच्या चांगल्या वस्त्रांवर तेलाचे शिंतोडे उडाले होते, आणि ही तक्रार त्यांनी स्पष्ट शब्दांत केली. कार्ब्युरेटरचा तो दोष मग दुरुस्त झाला. होंडांच्या मोटारसायकलीची पहिली परीक्षक ही गृहिणी होय. बायको घरी दमून येते म्हणून इंजिन सायकलीवर चढले, ही गोष्ट काहीजण सजवून सांगतात. पण तिने गाडी चालविली आणि तिचे ऐकले गेले, एवढे खरे आहे.

२४ सप्टेंबर १९४८ रोजी दहा लक्ष येन भांडवलावर होंडा मोटर कंपनी स्थापन झाली. पुढल्या वर्षी ताकेओ फुजिसावा हे भागीदार मिळाले. विक्री, पैसा व व्यवहार फुजिसावांनी पाहावा, यंत्र होंडांनी पाहावे, अशी वाटणी ठरली आणि ती २४ वर्षे दोघांनी निष्ठेने पाळली. कंपनीचा शिक्कादेखील फुजिसावांकडे असे. लहानपणी बापाचा शिक्का खोटा करणाऱ्याने मोठेपणी स्वतःचा खरा शिक्का दुसऱ्याच्या हाती विश्वासाने दिला.

१९५४ साली कंपनी आर्थिक संकटात असताना होंडांनी जाहीर केले की आपण इंग्लंडजवळील आइल ऑफ मॅन बेटावरच्या जगप्रसिद्ध शर्यतीत उतरणार. त्याच वर्षी ते ती शर्यत पाहून आले. तेथील जर्मन व इटालियन गाड्यांची ताकद आपल्या गाड्यांच्या जवळजवळ तिप्पट आहे हे पाहून ते हबकले, आणि परतताना टायर, साखळ्या, कार्ब्युरेटर असे सुटे भाग सामानात भरभरून घेऊन आले. १९५९ साली त्यांचा संघ तेथे प्रथम उतरला व १२५ सीसीच्या शर्यतीत सहावा आला. १९६१ साली १२५ आणि २५० ह्या दोन्ही वर्गांत पहिले पाचही क्रमांक होंडाचे होते. मोटारींच्या फॉर्म्युला वन शर्यतीत ते १९६४ साली उतरले आणि २४ ऑक्टोबर १९६५ रोजी मेक्सिकोत त्यांची गाडी पहिली आली.

ह्या यशाची दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. होंडांचा हट्ट होता की इंजिन हवेनेच थंड करावे, पाणी नको. तशी एक शर्यतीची गाडी त्यांनी १९६८ साली पुढे केली. संघाचा चालक जॉन सर्टीज ह्याने ती धोकादायक म्हणून चालविण्यास नकार दिला. ७ जुलै रोजी फ्रान्समधील रुआँ येथे ती जो श्लेसर ह्या फ्रेंच चालकाला दिली गेली; तिसऱ्याच फेरीत गाडी उलटून पेटली आणि तो जागीच गेला. होंडांचे गुणगान करणारे ह्या प्रसंगावरून घाईने पुढे जातात. तसे करणे श्लेसरच्या घरच्या माणसांवर अन्याय करणारे आहे. हट्ट तेवढ्यानेही सुटला नाही. कारखान्यातील तरुण अभियंते पाण्याचाच आग्रह धरून बसले. अखेर फुजिसावांनी विचारले की आपणांस कंपनीचे अध्यक्ष राहावयाचे आहे की अभियंता. अध्यक्ष, असे होंडांनी उत्तर दिले आणि ते मुलांच्या मतास वळले.

ह्याच मुलांनी १९७२ साली धूर कमी सोडणारे सीव्हीसीसी इंजिन सिद्ध केले. अमेरिकेच्या कडक कायद्यास ते उतरले, तेव्हा होंडांस वाटले की आपण जगातील बड्या मोटार कंपन्यांना शर्यतीत गाठले. तरुण अभियंत्यांस ते रुचले नाही. आम्ही कोणास हरविण्यासाठी हे केले नाही, आमच्या मुलाबाळांना स्वच्छ हवा मिळावी म्हणून केले, असे त्यांचे म्हणणे पडले. हे होंडांच्या मनास लागले, आणि निवृत्तीची वेळ आली हे त्यांनी ओळखले. ऑक्टोबर १९७३ मध्ये, ६६ व्या वर्षी, ते आणि फुजिसावा एकाच वेळी पायउतार झाले.

आता जे सांगावयास मी आलो, ते सांगतो. खुर्ची कोणाच्या हाती गेली? कियोशी कावाशिमा ह्या कारखान्यातच वाढलेल्या अभियंत्याच्या हाती. होंडा व फुजिसावा ह्यांनी ठरविले होते की आपली मुले ह्या कंपनीत घ्यावयाची नाहीत. शर्यतीत हाडे मोडून घेतलेला भाऊ बेंजिरो कंपनीत मोठ्या पदावर होता; त्यासही होंडांनी बाजूस होण्यास सांगितले. कंपनीस आपले आडनाव दिले ही चूक झाली, असे ते उतारवयात म्हणत असत. आपल्याकडील पाट्या डोळ्यांपुढे आणा : अमुक आणि सन्स, तमुक ब्रदर्स. आपल्या समाजात ह्यास प्रेम म्हणतात, आणि उलट वागणाऱ्यास पाषाणहृदयी. होंडांचे हृदय पाषाणाचे होते काय? त्यांचा थोरला मुलगा हिरोतोशी ह्यास इंजिनाचे वेड बापाकडूनच लागले. त्याने १९७३ साली, बाप निवृत्त झाला त्याच वर्षी, मुगेन नावाने स्वतःचा स्वतंत्र धंदा काढला, आणि मुगेनच्या नावाच्या इंजिनांनी १९९६ ते १९९९ ह्या काळात फॉर्म्युला वनच्या चार शर्यती जिंकल्या. गिहेईने मुलाला भाता दिला नाही, विमानाविषयी विचारले. सोइचिरोनेही मुलाला खुर्ची दिली नाही.

हे बोलणे येथील काही वडीलधाऱ्यांस रुचणार नाही, ह्याची मला कल्पना आहे. ज्यांचे दुकान पिढीजात आहे आणि ज्यांच्या मुलाला त्यात मनापासून रस आहे, त्यांच्याविषयी माझे काहीच म्हणणे नाही. माझे बोलणे त्या मुलापुरते आहे, जो बापाच्या दुकानात मान खाली घालून बसतो आणि ज्याचे मन दुसऱ्याच कोठल्या इंजिनाशी उभे असते. आणि त्या मुलीपुरतेही, जिला इंजिनाचा ठेका कळतो पण जिच्या हाती पाना देण्याचे आपल्यापैकी कोणास सुचत नाही. १७ सप्टेंबर २०२५ रोजी अहिल्यानगरची आगगाडी प्रथम बीड शहरात आली. १९९५ साली मंजूर झालेला हा लोहमार्ग तीस वर्षांनी बीडपर्यंत पोहोचला. त्या दिवशी स्थानकावर गर्दीत कितीतरी मुले होती. त्यांतले इंजिनापाशी कोण खिळून राहिले, हे त्यांच्या घरच्यांनी पाहिले असेल अशी आशा आहे.

होंडांनी आपल्या हातांविषयी एक पुस्तक लिहिले आहे. त्यात त्यांच्या डाव्या हाताचे एक चित्र आहे आणि कोठे छिन्नी लागली, कोठे बोट चेंगरले, कोठून अवजार आरपार गेले, ह्याची नोंद त्यावर केली आहे. उजवा हात हातोडा चालवितो, मार खातो तो डावा. म्हणून मान डाव्यास, असा त्यांचा भाव होता. येथे बसलेल्या लोहारबंधूंनी आपापला डावा हात पाहावा, म्हणजे त्यांस ते चित्र विकत घेण्याचे कारण पडणार नाही.

निवृत्तीनंतर त्यांनी जपानभर हिंडून कंपनीच्या शेकडो लहानमोठ्या ठिकाणी प्रत्येक कामगाराचे हस्तांदोलन करून आभार मानले. एका ठिकाणी एक कामगार हात धुण्यास वळला, कारण हात तेलाने माखला होता. होंडांनी त्याला थांबविले, तोच हात आपल्या हाती घेतला आणि मग तळहातावर लागलेले तेल आनंदाने हुंगले.

५ ऑगस्ट १९९१ रोजी, ८४ व्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. मोटारी विकून पोट भरणाऱ्याने आपल्या अंत्ययात्रेने रस्ते अडवून लोकांचा खोळंबा करू नये, म्हणून कंपनीतर्फे मोठा विधी करू नका, असे त्यांनी बजावून ठेविले होते. त्याप्रमाणे तो झाला नाही. नंतर निरनिराळ्या गावी आभाराच्या साध्या सभा भरल्या, आणि ज्यांस यावेसे वाटले ते आले.